एक झाड कोळसा झाले, एक झाड दगड : अहेरी परिसरातील कार्बनचा इतिहास

अहेरीच्या दक्षिणेला, सिरोंच्याजवळच्या वडधम परिसरात जमिनीवर जुनी खोडे आडवी पडलेली आहेत. सालीचा खडबडीतपणा दिसतो, लाकडाचे तंतू दिसतात. हात लावला की कळते, हा दगड आहे. ज्युरासिक काळात वाढलेली ही झाडे गाळाखाली गाडली गेली आणि त्यांच्या पेशीपेशीत सिलिका शिरून बसली.

अहेरीच्या वायव्येला, बल्लारपूर-चंद्रपूरच्या खाणींत, याहूनही जुनी झाडे आहेत. त्यांचे खोड, फांदी, पान काहीच ओळखू येत नाही; उरला आहे तो काळा थर. पण हा थर पेटतो. वडधमचा दगड पेटत नाही.

पहिल्या झाडाचा आकार टिकला आणि त्यातला बहुतेक कार्बन निघून गेला. दुसऱ्याचा आकार गेला आणि कार्बन टिकला. गेल्या दीडशे वर्षांचा या प्रदेशाचा इतिहास, म्हणजे खाणी, कारखाने, जंगलाचे कायदे आणि ग्रामसभांचे हक्क, या एका फरकाच्या आधाराने वाचता येतो. हा धागा त्याविषयी आहे.

सुरुवात जिवंत झाडापासून करू. आलापल्लीच्या जंगलातला शंभर फुटी साग आपले वजन कोठून आणतो? मातीतून, असे उत्तर बहुतेक जण देतात. माती पाणी आणि क्षार पुरवते हे खरे. पण वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो आणि तो पानांनी हवेतून घेतलेला असतो. सागाचे झाड म्हणजे, थोडे धाडसाने म्हणायचे तर, उभी राहिलेली हवा.

ही हवा फार काळ उभी राहत नाही. फेब्रुवारी-मार्चपर्यंत सागाची पाने गळतात. त्यांतली काही मोहाच्या झाडाखाली फुले वेचण्यासाठी लावलेल्या जाळात जातात. उरलेल्यांवर पावसाळ्यात बुरशी चढते आणि वाळवीची वारुळे कामाला लागतात. पानातला कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. थोडा भाग मातीत मागे राहतो. शेतकऱ्याच्या माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ नावाचा जो रकाना असतो तो हाच. ‘कर्ब’ हा जुन्या पाठ्यपुस्तकांतला शब्द आज इतरत्र मागे पडला, शेतीने मात्र तो जपला.

जगभरातील जमिनीवरच्या वनस्पती दर वर्षी सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून उचलतात आणि झाडांचा स्वतःचा श्वास, कुजणे व वणवे मिळून जवळपास तितकाच परत जातो. संपूर्ण वातावरणात आज साधारण ९०० अब्ज टन कार्बन आहे. उलाढाल किती वेगवान आहे याची कल्पना या दोन आकड्यांवरून यावी. हे जलद चक्र. त्याचे हिशेब महिन्यांत, वर्षांत, फार तर काही शतकांत पूर्ण होतात.

दुसरे चक्र अतिशय संथ आहे आणि त्याची एक पायरी अहेरीच्या पश्चिमेला रोज वाहते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते. पावसाचे थेंब हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून सौम्य आम्ल बनतात. मातीत मुळांच्या श्वासामुळे हे आम्ल आणखी वाढते. हे पाणी खडक झिजवते. दख्खनचा काळा बेसॉल्ट तर अशा पाण्याला फार लवकर वश होतो, आणि वर्धेच्या खोऱ्याचा मोठा भाग त्याच खडकाचा आहे. झिजेतून सुटलेले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नदीबरोबर गोदावरीत आणि तेथून बंगालच्या उपसागरात जाते. समुद्रातले जीव त्यांपासून कवच बांधतात, कवचे तळाशी साचतात, लाखो वर्षांनी त्यांची चुनखडी होते. म्हणजे प्राणहितेचे पाणी एका अर्थी विरघळलेली हवा समुद्राकडे नेत असते.

चुनखडी केवळ समुद्रातच बनते असे नाही. सिरोंच्याच्या उत्तरेस प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे (राजस्थानातले नव्हे). तेथल्या चुनखडीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच माशांचे जीवाश्म सापडले. पुढे नागपूरला आलेले स्कॉटिश धर्मप्रचारक स्टीफन हिस्लॉप यांनी या पट्ट्यातल्या खडकांचा पाठपुरावा केला. १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून त्यांचा मृत्यू झाला; नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे नाव सर्वांना ठाऊक आहे, खडकांचे काम मात्र थोड्यांनाच. कोटा गावाच्या नावावरून भूशास्त्रज्ञ या थरांना ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणतात. याच थरांत, सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीजवळ, १९५८ पासून काही वर्षे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी एका प्रचंड डायनोसॉरची हाडे खणून काढली. किमान सहा प्राण्यांची हाडे मोठमोठ्या खोडांच्या अवशेषांबरोबर एकत्र गाडलेली होती. १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले : बारापासॉरस टागोराय. ‘बारा पा’ हे बंगालीतल्या ‘मोठा पाय’ या अर्थाने, आणि टागोर यासाठी की उत्खनन सुरू असताना, १९६१ मध्ये, रवींद्रनाथांची जन्मशताब्दी होती.

आता कोळसा. सुमारे २७ ते २९ कोटी वर्षांपूर्वी वर्धा-प्राणहितेच्या पट्ट्यात दलदली होत्या आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे वाढत होती. झाड पडून पाण्याखाली गेले की बुरशीला आणि जीवाणूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. कुजण्याचे काम अर्ध्यावर राहते. जलद चक्रातून दरवर्षी अगदी किरकोळ अंश असा निसटतो. निसटलेले हे थेंब लाखो वर्षे साचले, त्यांवर गाळ बसला, आणि त्यांचा कोळसा झाला. हवेत परतायचा राहून गेलेला कार्बन, एवढीच त्याची व्याख्या.

या खडकांच्या मालिकेला नाव काय द्यायचे हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांपुढे आला तेव्हा त्यांनी गोंडांच्या प्रदेशाचे नाव उचलले. ओटोकार फाइस्टमँटेल यांच्या लेखनातून १८७६ मध्ये ‘गोंडवाना’ छापील शास्त्रात आले. १८८५ च्या सुमारास व्हिएन्नाचे एदुआर्द झ्यूस यांनी भारत, आफ्रिका आदी भूभागांत तीच ग्लॉसोप्टेरिसची पाने सापडतात या आधारावर एका प्राचीन महाखंडाची कल्पना मांडली आणि त्याला ‘गोंडवानालँड’ म्हटले. अहेरी ही चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी गोंड जमीनदारी. तिच्या लोकांचे नाव आता अंटार्क्टिकाच्या खडकांनाही लागले. झ्यूस यांचे नाव ध्यानात असू द्यावे. धाग्याच्या शेवटाकडे त्या घराण्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

नाव सन्मानाने घेतले गेले त्याच दशकांत प्रत्यक्ष गोंड प्रदेशात काय चालले होते? १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी सरकारी जंगले ‘राखीव’ होत होती. अबूझमाड-भामरागडच्या डोंगरांत माडिया गोंड पेंडा शेती करत : उतारावरची झाडी तोडायची, वाळवायची, जाळायची, राखेत कोसरा-कुटकीसारखे धान्य पेरायचे, दोन-तीन वर्षांनी जागा सोडून पुढे जायचे. मध्य प्रांतातील वन अधिकाऱ्यांना अशा शेतीत केवळ नासाडी दिसली आणि ती थांबवण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालले. त्याच मध्य प्रांतात, त्याच सरकारच्या उत्तेजनाने, १८७१ मध्ये वरोऱ्याची कोळसा खाण सुरू झाली आणि काही वर्षांत वर्धेहून तिच्यापर्यंत लोहमार्ग आला.

दोन्ही ठिकाणी धूर निघत होता. पेंड्याच्या धुरातला कार्बन हवेतून काही दशकांपूर्वीच आलेला होता, आणि जागा पुरेशी वर्षे पडीक ठेवली तर वाढणारी झाडी तो पुन्हा उचलणार होती. ही अट महत्त्वाची आहे. लोकसंख्या वाढून किंवा जंगल हिरावले जाऊन पडीक काळ आखडला की हिशेब तुटीत जातो, आणि पेंड्याचे सरसकट गुणगान करणाऱ्यांनी ते विसरू नये. वरोऱ्याच्या धुरातला कार्बन मात्र २७ कोटी वर्षांपूर्वी हवेबाहेर गेलेला. त्याला पुन्हा दलदलीत पुरणारे कोणी नव्हते. त्या काळच्या अधिकाऱ्यांना हे कळायला हवे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कोळशामुळे हवा तापेल याचे पहिले गंभीर गणित स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी मांडले ते १८९६ मध्ये.

मराठीने हा भेद शब्दांत कधीच केला होता. एक लोणारी कोळसा, दुसरा दगडी कोळसा. लोणारी लाकूड अर्धवट हवेत धुमसवून कोळसा करत, आणि चुन्याच्या भट्ट्याही लावत. चुन्याची गंमत अशी की भट्टीत चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, कळीचा चुना उरतो. तो विरवून भिंतीला लावला की तोच वायू हवेतून परत शोषत भिंत वर्षानुवर्षे घट्ट होत जाते. जुनी चुनेगच्ची बांधकामे या अर्थाने अजूनही उधारी फेडत आहेत.

लोणारी आणि दगडी यांच्यातला फरक किती निर्णायक ठरू शकतो हे पाहायचे तर चांद्याच्या लोखंडाची कथा पाहावी. जुन्या चांदा जिल्ह्यातील लोहारा, देवलगाव, पिंपळगाव येथे उत्तम लोहखनिज आहे. स्थानिक कारागीर पिढ्यान्‌पिढ्या छोट्या मातीच्या भट्ट्यांत लाकडी कोळशावर लोखंड गाळत. येथे कोळसा केवळ उष्णतेसाठी नसतो. खनिजात लोखंड प्राणवायूशी बांधलेले असते. कार्बन तो प्राणवायू ओढून घेतो, स्वतः वायू होऊन उडून जातो, आणि मागे धातू राहतो. कार्बनचा हवेकडचा प्रवास हीच लोखंडाची किंमत.

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या तो वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा : पोलाद कारखान्याला आणखी काय हवे? त्यांनी कोळशाची परीक्षा करवली आणि उत्तर निराशाजनक आले. मोठ्या झोतभट्टीला भार सोसणारा, कठीण पण सच्छिद्र असा कोक लागतो. वरोऱ्याच्या कोळशाचा तसा कोक होईना. इंजिनाची वाफ करायला तो चालत होता, खनिज गाळायला नाही. त्यात खाणीच्या परवान्याचे सरकारी नियमही जाचक होते. योजना बाजूला पडली.

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात खाणींचे नियम सैल झाले तेव्हा टाटा पुन्हा याच प्रदेशाकडे वळले. जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन तज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांनी चांद्याची जंगले पालथी घातली. बरोबर शापुरजी सकलातवाला हे आप्त होते, जे पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये कम्युनिस्ट खासदार झाले. निष्कर्ष असा निघाला की लोहाऱ्याचे खनिज उत्तम, पण साठा मोठ्या कारखान्याला पुरणारा नाही. चांद्याचा नाद सोडल्याचे कळवण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले असता, वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तेथे मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. दुर्गच्या भागात लोखंडाच्या खुणा होत्या. शोध तिकडे सरकला, तेथून मयूरभंजला, आणि १९०७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना अखेर साक्ची येथे, झरियाच्या कोक होणाऱ्या कोळशाच्या जवळ उभा राहिला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील कार्बन कसा दाबला गेला, कसा शिजला, यावरून जमशेदपूर विदर्भात व्हायचे राहिले. इतिहासाची पुस्तके या घटनेत टाटांची चिकाटी सांगतात. ती होतीच, पण त्या कथेत कोळसा हेही एक पात्र आहे आणि त्याच्या वाट्याला फारशा ओळी येत नाहीत.

पोलाद झाले नाही, म्हणून कोळसा राहिला असे मात्र नाही. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली तोवर बल्लारपूरची सुरू झालेली होती. १९४५ मध्ये बल्लारपुरात कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली, तिने जंगलातला बांबू लगदा करायला घेतला. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, आणि त्यानंतरच्याच वर्षी चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच चालू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला चाळीस हजार टनांहून अधिक कोळसा लागतो. शेजारी सिमेंटचे कारखाने कोळशाहून कितीतरी जुनी चुनखडी भाजतात. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोही इंधनाचा धूर वेगळा धरून. दगडात बंद झालेल्या कार्बनच्या दोन्ही कोठ्या, कोळशाची आणि चुनखडीची, एकाच जिल्ह्यात एकाच वेळी उघडल्या गेल्या.

हा कार्बन जातो कोठे, हे सिद्ध कसे होते? येथे झ्यूस घराणे परत येते. एदुआर्द झ्यूस यांचे नातू हान्स झ्यूस अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ होते. हवेतल्या कार्बनचा अत्यल्प अंश किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षांच्या कोळशात म्हणूनच तो मुळीच उरत नाही. हान्स झ्यूस यांनी १९५५ मध्ये दाखवले की विसाव्या शतकात वाढलेल्या लाकडात कार्बन-१४ चे प्रमाण जुन्या लाकडाच्या मानाने कमी आहे. झाडे ज्या हवेतून अंग कमावत होती तिच्यात प्राचीन, ‘मृत’ कार्बन मिसळला जात होता. आजोबांनी ज्या खडकांवरून गोंडवानालँडचे नाव ठेवले, तसल्याच खडकांतला कोळसा हवेत पोचल्याचा पुरावा नातवाला झाडांच्या लाकडात मिळाला.

सागाला वार्षिक वलये स्पष्ट असतात. आलापल्लीतल्या एखाद्या जुन्या सागाची आतली वलये वरोऱ्याच्या खाणीच्या काळातली आणि बाहेरची वीज केंद्राच्या काळातली असली, तर हा इतिहास त्याच्या खोडातही क्रमवार नोंदलेला असणार.

हवेचे थेट मोजमाप चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआवर १९५८ मध्ये सुरू केले. म्हणजे पोचमपल्लीला पहिली हाडे सापडली त्याच वर्षी. तेव्हा दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक युगापूर्वी सुमारे २८० होते. आज ४२० च्या वर आहेत. दगडी कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडला जातो. यातला साधारण निम्मा समुद्र आणि जंगले उचलतात. समुद्राचे पाणी त्यामुळे हळूहळू आम्लाकडे झुकते आहे.

जंगले उचलतात, मग झाडे लावली की काम झाले, असा युक्तिवाद गडचिरोलीच्या संदर्भात वारंवार ऐकू येतो. जिल्ह्याचे बहुतांश क्षेत्र जंगलाचे, तेव्हा शेजारच्या चिमण्यांचा हिशेब येथे चुकता होईल असे त्यात गृहीत असते. हा युक्तिवाद दोन चक्रांची गल्लत करतो. जुने, भरलेले जंगल वर्षाला जितके घेते त्याच्या आसपास परत देते. त्याचे मोल आहे ते त्याने धरून ठेवलेल्या साठ्यात. तो साठा तोडला तर मोठा खड्डा पडतो, राखला तर खड्डा पडत नाही. पण त्यात २७ कोटी वर्षांची शिल्लक ओतण्याइतकी जागा नाही. आलापल्लीजवळचा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा जंगलाचा तुकडा १९५३ पासून नैसर्गिक वन म्हणून राखलेला आहे, आणि २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ घोषित झाला. त्याचे क्षेत्र आहे ६ हेक्टर.

मोठा साठा राखतात ती माणसे. १९५१ मध्ये जमीनदारी संपली तेव्हा अहेरीची जंगले शासनाकडे गेली. गावांचा शब्द त्यांत नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र पालटू लागले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते. तरी बांबू विकण्याचा अधिकार वन विभाग सोडेना, कारण बांबू लाकूड की गवत हा वाद. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो गवतच. नव्या कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले होते आणि जुन्या कायद्यात तो झाडांत मोजला जाई. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा आपला बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या.

बांबूची काठी एका पावसाळ्यातच आपली पूर्ण उंची गाठते आणि तीन-चार वर्षांत तोडणीला येते. मेंढ्याच्या त्या पहिल्या परवान्यावर गेलेल्या काठ्यांतला जवळजवळ सगळा कार्बन २००५ ते २०११ दरम्यान हवेतून आलेला. आणि हवा सगळीकडून मिसळत असल्यामुळे, १८७१ साली वरोऱ्याच्या खाणीतून निघून जळालेल्या कोळशाचे काही अणू त्या प्रत्येक काठीत होते.